डाव्या पंखाचं पीस

खोली भाड्यानं बघायला आलेला माणूस काय विचारतो? पाणी किती वेळ येतं, लाईट जाते का, मोरी कुठं आहे. मास्तरांनी विचारलं, "वहिनी, इथं वारं कुठून येतं?"

मी पिठाचे हात घेऊनच बाहेर आले होते. मला वाटलं, उकाडा सोसत नसेल बिचाऱ्याला. मागची खिडकी उघडून दाखवली, म्हटलं, "हितून येतं की. लई गार लागतं."

"गार नको," मास्तर म्हणाले. "आडवं पाहिजे."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्या ह्यांनी आधीच मान डोलावलेली, आणि ह्यांची मान एकदा हलली की ती परत आणायला बैल जुंपावे लागतात. आमचे हे दुधाच्या गाडीवर. पहाटे जायचे ते दुपारी यायचे, आणि आले की झोपायचे. मास्तरांचा त्रास त्यांना कुठून कळणार? सगळा माझ्या वाट्याला.

हे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराचं. आमच्या महाळुंग्याला हायस्कुलात खेळाचे मास्तर म्हणून ते आले. खेळाच्या मास्तरांनी काय करावं? शिट्टी फुंकावी, कबड्डी घ्यावी, पंधरा ऑगस्टला पोरं रांगेत उभी करावी. ह्या मास्तरांना धनुष्यबाणाचं खूळ. बांबूची धनुष्यं, लाकडी बाण, आणि मागं पिसं. दोन वर्षांत त्यांनी सात-आठ मुलींना तयार केलं, त्यात आमची सारिका एक. म्हणजे बघा, माणूस घरातही तोच आणि शाळेतही तोच. पोरगी घरी आली तरी "सर म्हणाले" संपायचं नाही, आणि सर तर भिंतीपलीकडेच.

दिसायला काय होतं म्हणून सांगू. उंच, वाळक्या शेंगेसारखे, पँट घोट्याच्या वर. घरचं कुणी नाही, पत्र नाही, पाहुणा नाही. सकाळी उठले की बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि अंगणात हात वर करून उभे राहायचे. समोरच्या आळीतल्या बायकांना पहिले आठ दिवस वाटलं, नमस्कार करतात. काहींनी परत केला.

मी बायकांची पोलकी शिवायची. त्या चिंध्यांवर मास्तरांचा डोळा. लांब पट्ट्या कापून त्यांनी कपड्यांच्या दोरीला बांधल्या, शेवग्याला बांधल्या, गोठ्याच्या वाशाला बांधल्या. लांबून आमचं घर नवसाच्या झाडासारखं दिसायला लागलं. एक म्हातारी खरंच येऊन विचारून गेली, "हितं कुठला देव बसवलाय गं?" मी म्हटलं, "बसवला नाय, भाड्यानं ठेवलाय."

एकदा रविवारी सकाळी आळीतल्या आठ-दहा बायका आमच्याकडे टीव्हीसमोर बसलेल्या. मालिकेत सुनेवरचा आळ आता फिटणार, एवढ्यात पडद्यावर नुसत्या मुंग्या. बाहेर येऊन बघते तर मास्तर कौलावर. अँटेनाच्या दांडीला चिंधी बांधत होते, आणि बांधताना अँटेना फिरवून ठेवलेली.

"मास्तर, खाली या आधी!"

"वहिनी, वरचं वारं वेगळं आणि खालचं वेगळं," ते वरून ओरडले. चेहरा असा, जणू हंडा सापडलाय. "खालची चिंधी पूर्वेला आणि वरची उत्तरेला! बाण वर चढला की त्याला दुसरं वारं लागतं. बघा, बघा तरी!"

त्या सुनेचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

आता पिसांचं सांगते, कारण पुढं सगळं पिसांवरच येणार आहे. बाणाच्या शेपटाला तीन पिसं लावतात. मला आधी वाटायचं शोभेला लावतात. मास्तर म्हणायचे, पीस म्हणजे बाणाचं शहाणपण. सुटताना बाण वेडावाकडा वळवळतो, मागची पिसं वाऱ्याला घासून त्याला सरळ करतात. मग आमची कोंबडी फडफडली की हे टक लावून बघणार. मी एक दिवस म्हटलं, घ्या बाबा एखादं पीस, पण कोंबडीकडं असं बघू नका, ती अंडी द्यायची थांबलीय. त्यांनी एक पीस उचललं, गालावरून फिरवलं आणि टाकून दिलं. "कोंबडीचं पीस मऊ. वाऱ्यापुढं उभं राहत नाही."

माझ्या कोंबडीचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

मग काय, घोडेगावला कुणाकडंतरी पांढरी, लांब मानेची मोठी बदकं होती. त्यांना राजहंस म्हणायचं असं मास्तरांचं म्हणणं. त्यातले दोन राजहंस एसटीनं आमच्या दारात उतरले. मास्तरांच्या दोन्ही काखेत एकेक. कंडक्टरशी त्यांचं वाटेत भांडण झालं होतं. कंडक्टर म्हणाला, "राव, जनावर टपावर टाका." हे म्हणाले, "टपावर वारं लागतं, पिसं विस्कटतात." सगळ्या गाडीत त्यांना पिसांचीच काळजी. बदकं माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरली, ती दोन दिवसांत वाफा सपाट. दारात आलेल्या माणसाला चावायची, आणि मास्तरांना सोडून मलाही. गळलेलं प्रत्येक पीस मात्र मास्तर सोनं वेचावं तसं वेचायचे.

आणि वेचलेली पिसं ठेवायला माझे डबे. स्वयंपाकघरातले पत्र्याचे दोन डबे मागून नेले, वर रंगानं अक्षरं काढली. एकावर "डा" आणि एकावर "उ". डाव्या पंखाची पिसं डा मध्ये, उजव्या पंखाची उ मध्ये. पिसाला म्हणे जन्मजात बाक असतो. डाव्या पंखाचं एका अंगाला कलतं, उजव्याचं दुसऱ्या. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची पाहिजेत. मग बाण गिरकी घेत सरळ जातो. एक जरी परकं लागलं तर दोघं एका बाजूला ओढतात आणि तिसरं उलटं, आणि बाण भांडणाऱ्या घरासारखा कुठंच धड जात नाही. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. शंभर वेळा ऐकलेली गोष्ट कानात शिरत नाही, हा माझा दोष म्हणा.

हे अक्षरांचे डबे परत माझ्याच फळीवर ठेवायचे, कारण त्यांच्या खोलीत उंदीर. पाहुणी म्हणून आलेल्या माझ्या जावेनं एकदा आमटीसाठी "डा" उघडला आणि किंचाळली.

मास्तरांचा आणखी एक नियम होता, त्यानं तर मी आणि अख्खं गाव टेकीला आलेलो. वाऱ्याला नाव ठेवायचं नाही. बाण चुकला आणि मुलगी म्हणाली, "सर, वारं आलं," की संपलं. तिला चिंधी धरून दहा मिनिटं उभं करायचे आणि वारं कुठून कुठं गेलं ते बोलायला लावायचे. म्हणायचे, "वारं तुझ्या एकटीचं आलं व्हय? ते सगळ्यांचं आहे. तू त्याला काय उत्तर दिलंस ते सांग." बरं, मुलींपुरतं ठेवावं ना! शेजारच्या मळ्यात लग्न होतं. ऐन जेवणाच्या वेळी वावटळ उठली आणि मांडवाची एक बाजू पंगतीवर. कुणाच्या पानात बांबू, कुणाच्या डोक्यावर कनात. नवऱ्या मुलाचा मामा हात जोडत फिरत होता, "काय करावं पावणं, वाऱ्यापुढं कुणाचं चालतंय!" आणि आमचे मास्तर, पानावरून उठून, हातात जिलबी, जाऊन वाकून बघून आले आणि भर पंगतीत म्हणाले, "वाऱ्यानं नाय. खुंटी वीतभरच ठोकलीय." खुंट्या मामानंच ठोकून घेतलेल्या. पुढं वर्षभर त्या घरातलं माणूस आमच्याशी बोलत नव्हतं. भाडेकरू आमचा ना!

माझंही एकदा त्यांच्याशी चांगलंच वाजलं. भाऊ माझा पुण्याला कामाला. त्यानं मैदानावर पाहिलं, शहरातल्या मुलींच्या बाणांना प्लास्टिकची पाती असतात. छोटी, गुळगुळीत. पावसात भिजत नाहीत, वाऱ्यात कमी वाहवतात. त्यानं एक पुडा आणून दिला. मी तो मास्तरांपुढं आदळला. "आमची पोरगी काय बदकाच्या पिसांवर जिंकणार? जग कुठं चाललंय!"

मास्तर भांडले नाहीत, तेच मला जास्त झोंबलं. त्यांनी मुकाट्यानं एका बाणाला पाती चिकटवली, सारिकाला म्हणाले, मार. तिनं मारला. बाणानं असा शेपटाला झटका दिला की तो निशाण सोडून गंजीत घुसला. दुसऱ्यांदा तेच.

"पात्याचा दोष नाही," मास्तर म्हणाले. "त्यांच्या धनुष्याला बाण जायला खाच कापलेली असते. आपला बांबू. बाण बांबूला घासून जातो. पीस वाकतं आणि निघून जातं. प्लास्टिक वाकत नाही, धडकतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काही माणसंही तशी असतात."

"कुणाला म्हणताय?"

"बाणाला."

असा माणूस! सांगा, डोकं फिरेल का नाही?

आता मुख्य सांगते. सारिका दहावीला गेली त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड ओतूरला ठरली. चार मुली घेणार होते. त्या चौघी पुढं राज्याला जाणार, महिनाभर शिबिर, चांगलं धनुष्य हातात. सारिकाला बाकी कशाचंच काही नव्हतं, एवढंच पाहिजे होतं. कारण धनुष्य शाळेचं. दहावी झाली की परत करायचं, आणि आमच्या घरात नवं धनुष्य कुठून येणार? निवडली गेली तर पुढं चालू, नाही तर त्या दिवशी संपलं. ती हे बोलून दाखवायची नाही. पण अभ्यास करताना डाव्या हाताची मूठ वळलेली असायची, धनुष्य धरल्यासारखी. मी बघायची आणि भाकरी थापायची.

मास्तर एसटीनं तीनदा ओतूरला जाऊन त्या मैदानात बोट ओलं करून उभे राहून आले. परत आल्यावर म्हणाले, "मोकळं रान आहे. दुपारी आडवं वारं उठतं. आपली पिसं तिथं चालायची नाहीत."

"आता पिसंही नकोत का?" मी म्हटलं.

"पिसं पाहिजेत, पण ठेंगणी. वहिनी, मोठं पीस म्हणजे मोठी छत्री. हात चुकला तर लवकर सावरतं, म्हणून शिकताना मोठं. पण आडव्या वाऱ्यात तीच छत्री तुम्हाला बांधावरून खाली नेते. सारिकाचा हात आता बसलाय. तिला छोटी छत्री पुरेल."

म्हणजे सहाही बाणांची जुनी पिसं काढून नवी, कमी उंचीची लावायची. आणि नेमका निवडीच्या आधी तीन दिवस हा माणूस तापानं आडवा. दात वाजताहेत आणि भिंतीपलीकडून ओरडताहेत, "वहिनी, पिसं!" सारिकाची शाळेत पूर्वपरीक्षा चालू. राहिले कोण? मी.

आता माझी चूक सांगते. आठ दिवसांपूर्वी मी उडदाचे पापड घातले होते. पापड ठेवायला डबा नाही. फळीवर बघते तर दोन डबे अर्धे अर्धे. अर्धे डबे कुठल्या बाईला बघवतात? मी उ मधली पिसं डा मध्ये ओतली, उ धुतला, पुसला आणि त्यात पापड भरले. अक्षरही जुळलं, उ उडदाचा. मनात म्हटलं, सांगू नंतर. मग त्यांचं ते व्याख्यान परत ऐकावं लागेल म्हणून सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

त्या दुपारी ओसरीवर बसून पिसं कापायला घेतली आणि बघते तर काय. काहींचा बाक इकडं, काहींचा तिकडं. भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, डा मधलीच घेतलीत ना?"

मी म्हटलं, "हो हो, डा मधलीच!"

खोटं होतं का? डा मधलीच होती.

मग मी एकेक पीस उन्हात धरून, गालाला लावून निवडत बसले. पोलक्याची डावी-उजवी बाही मी झोपेतसुद्धा ओळखीन, पीस काय मोठं. असं वाटलं. पाच बाण झाले तोवर ऊन उतरलं, बदकांनी कालवा केला, गाईची धार काढायची वेळ झाली. बाणांवर मास्तरांनी नंबर घातलेले. सहावा हाती आला तो चार नंबरचा, त्याला शेवटचं पीस मी घाईत लावलं. ठेंगणं कापल्यावर बाक फारसा दिसतही नाही. दोरा गुंडाळला, डिंक वाळवला. मास्तरांनी तापातल्या डोळ्यांनी सहाही बाण बघितले आणि म्हणाले, "शिवणकाम चांगलं आहे." त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलेलं ते पहिलंच. म्हणून मी आणखी गप्प बसले.

ओतूरला मास्तर, सारिका, आणखी दोन मुली आणि मी. मास्तरांचा ताप उतरला होता पण पाय लटपटत होते, म्हणून मी बरोबर निघाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला घरी बसवत नव्हतं.

वारं मास्तर म्हणाले तसंच उठलं. शहरातल्या, गावातल्या, सगळ्या मुलींचे बाण वाहवत होते. एका फेरीत सहा बाण, आणि सारिकाकडं मोजून सहाच, सातवा नाही. आमच्या पोरीचे पाच बाण मुठीत धरावेत तसे निशाणाच्या मधल्या पिवळ्यात, आणि एक बाजूला. पुढच्या फेरीतही पाच तिथं, एक बाजूला. नंतर तोही आत यायला लागला, माझा जीव भांड्यात पडला. आणि शेवटच्या फेरीत तोच एक पार निळ्या-काळ्याच्या बाहेर, कडेच्या पांढऱ्यात. मी लांबून नंबर वाचू शकत नव्हते. पण मला वाचायची गरज नव्हती.

यादी वाचली. सारिका पाचवी. तीन गुण कमी.

ती रडली नाही. बाण उपटून आणले आणि मास्तरांच्या हातात दिले. मास्तरांनी चार नंबरचा बाण वेगळा काढला. एकेका पिसावरून नख फिरवलं. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यावर थांबले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावून उभी. मनाची तयारी केली, आता हा माणूस सगळ्या मैदानासमोर माझी खुंटी किती वीत होती ते सांगणार.

मास्तर सारिकाला म्हणाले, "वारं लई होतं."

त्या दोन मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना दहा-दहा मिनिटं चिंध्या धरायला लावलेल्या! सारिकानं धनुष्याची दोरी उतरवली.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. असा संताप आला म्हणता! आयुष्यभर ज्यानं कुणाला एक सवलत दिली नाही, त्यानं मला न विचारता ही एवढी मोठी का द्यावी? नारायणगावला गाडी बदलायची होती. मुली पाणी प्यायला गेल्या, तशी मी त्यांना फलाटावर गाठलं.

"मास्तर, पोरीला खोटं का सांगितलं?"

"खोटं कुठं? वारं होतंच."

"पापडासाठी डबे मी एक केले. पिसं मी मिसळली. बोला ना मला! मामाला भर पंगतीत बोललात ते?"

मास्तरांनी समोरच्या गाडीची पाटी वाचली. मग म्हणाले, "त्या मामाच्या हातचं कुणा पोरीला रोज जेवायचं नव्हतं, वहिनी."

आणि वर, मी रडवेली झालेली असताना, म्हणतात कसे, "आणि पापडाला दुसरा डबा नव्हता का?"

पुढच्या गाडीत मी सारिकाशेजारी बसले. मंचर यायच्या आत सांगून टाकलं सगळं. डबे, पापड, घाई. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"दुसऱ्या फेरीलाच कळलं. चार नंबर उजवीकडं जातोय. मग त्याला मी डावीकडं धरून मारत व्हते. शेवटच्या फेरीत वारं उलटं फिरलं आणि मी तसंच धरलं."

"मग मास्तरांना का नाही सांगितलंस? दुसरा बाण मागितला असता कुणाकडं!"

"काय सांगू, आये? आमच्या आईनं चुकीचा चिकटवलाय म्हणून?"

एवढं बोलून ती गप्प झाली, ती झालीच. रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाढलेलं जेवायची, अभ्यास करायची, पण मूठ वळेना. मास्तर हाका मारायचे, "सारिका, चल, वारं चांगलं पडलंय," तर म्हणायची, "आता काय करायचंय, सर?" असं महिना-दीड महिना चाललं. परीक्षा झाली. धनुष्य शाळेत परत द्यायला आठ दिवस उरले.

एप्रिलात आमचं कांद्याचं रान मोकळं झालेलं. दुपारचं मी कांद्याची वाळकी पात गोळा करत होते, सारिका बांधावर मांडीत तोंड घालून बसलेली. तेवढ्यात मास्तर आले. एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात बाण. चार नंबरचा. तीच पिसं, तोच माझा दोरा. लांब पेंढ्यांचा गठ्ठा उभा केला, कागद टाचला आणि धनुष्य माझ्यापुढं धरलं.

"मारा."

"मी? मास्तर, ऊन लागलंय का तुमाला?"

"तुम्ही केलाय ना बाण? मग मारून बघा कसा जातो ते."

बघा, शेवटी माणसानं वसूल केलंच! मी रागारागानं पदर खोचला, धनुष्य घेतलं. बांबू एवढा ताठ असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोरी कानापर्यंत येईना.

"कोपर," मास्तर मागून म्हणाले. "वहिनी, कोपर वर."

"वरच हाय!"

"तो खांदा आहे."

बाण सुटला. दोरीनं हातावर असा फटका दिला की मी आई गं म्हणून ओरडले. बाण भोवऱ्यासारखा डुलत, शेपूट हलवत निघाला आणि गठ्ठ्याच्या पार उजवीकडं ढेकळात पडला. बांधावरून फुसकन आवाज आला. बघते तर सारिका. तोंडावर हात, खांदे हलताहेत.

"हसतीस काय? येऊन दाखव!"

ती उठली. जाऊन बाण आणला, माती झटकली. मला वाटलं मास्तरांना देईल. ती माझ्याजवळ आली, म्हणाली, "अगं, पाय कुठं, तोंड कुठं. सरक तिकडं. दे."

धनुष्य माझ्या हातातून काढून घेतलं. उभी राहिली. बोट ओलं करून वर धरलं, क्षणभर. मग ओढलं, आणि गठ्ठ्यावर नाही, गठ्ठ्याच्या डावीकडच्या मोकळ्या हवेवर नेम धरला. त्या वाकड्या बाणाला जेवढं वाकडं जायचं होतं तेवढं जाऊ दिलं. बाण डुलत गेला, वळला आणि कागदाच्या कडेला रुतला.

मी मास्तरांकडं बघितलं. म्हटलं, आता तरी हा माणूस बरा शब्द बोलेल.

"दोन बोटं जास्त धरलंस," मास्तर तिच्यावर खेकसले. "आण तो बाण. परत."

ती पळत गेली.